तबकडीवर न उतरलेले बुवा

गाणे तबकडीत साठवता येते ही गोष्ट आपल्याकडील गवयांना पचायला वेळच लागला. एडिसनचा फोनोग्राफ १८७७ चा. ग्रामोफोन कंपनीचा गायसबर्ग कलकत्त्यास येऊन गौहरजानची गाणी घेऊन गेला तो १९०२ साली. तबकड्या छापून यायच्या जर्मनीतल्या हॅनोव्हरहून! कर्ण्यात गायल्याने आवाज जातो, अशी एक भीती होती; घराण्याची चीज वाटेल त्याच्या हाती पडेल, ही दुसरी. पहिली भाबडी खरी, पण दुसरीला मी हसणार नाही. एकेका चिजेसाठी गुरूची वर्षानुवर्षे सेवा केलेली ती माणसे होती.

भास्करबुवा बखले याच काळातले. जन्म १८६९ चा, बडोदे संस्थानातील कठोर गावचा. लहानपणी किर्लोस्कर मंडळीत गेले, 'रामराज्यवियोगा'त कैकेयी झाले. वयात येताना आवाज फुटला आणि कंपनी सुटली. दुसरा एखादा तिथेच संपला असता. बुवांनी बडोद्यास फैज महंमदखाँकडे नव्याने सुरुवात केली, मग नथ्थनखाँकडे शिकले, आणि नाव झाल्यावरही अल्लादियाखाँचे शिष्यत्व पत्करले. ग्वाल्हेर, आग्रा, जयपूर अशा तीन वाटा एका गळ्यात आल्या. धारवाडला त्यांनी मास्तरकी केली, पुण्यात १९११ साली भारत गायन समाज काढला. विद्या लपवून ठेवणाऱ्यांतले ते नव्हेत, हे एवढ्यावरूनच दिसते.

आणि तरीही त्यांच्या आवाजाची एकही तबकडी नाही. अब्दुल करीमखाँ १९०५ च्या सुमारासच कर्ण्यापुढे गाऊन गेले होते. बैठकीत रात्र रंगवणाऱ्या बुवांचा ख्याल तीन मिनिटांत काय मावणार, असे कोणी म्हणेल. मान्य, पण आजोबांचा पिवळा पडलेला फोटो आपण जपतोच ना? मला तेवढाही चालला असता.

राहिल्या त्या चाली. 'विद्याहरण', 'स्वयंवर' आणि 'द्रौपदी' या नाटकांचे संगीत बुवांचे. 'स्वयंवर' १९१६ साली रंगभूमीवर आले, आणि त्यातली पदे बालगंधर्वांच्या तबकड्यांवरून गावोगाव पोहोचली. ज्या कर्ण्यापुढे गुरू उभा राहिला नाही, त्यातूनच शिष्याच्या गळ्याने गुरूची चाल घरोघरी गेली. आमच्या नव्या जालन्यात आज मोबाइलवर बोट ठेवले की ती पदे ऐकू येतात. एखादी तान आली की मी ती परत मागे नेऊन ऐकतो: यातले बालगंधर्वांचे किती, बुवांचे किती?

८ एप्रिल १९२२ रोजी पुण्यात बुवा वारले, वयाच्या अवघ्या बावन्नाव्या वर्षी. कर्णा जाऊन विजेवरचे ध्वनिमुद्रण सुरू झाले ते १९२५ साली.