संत जेरोम आणि दानीएलाचीं सत्तर सप्तकें



आपल्या धर्मग्रामाला पन्नास वर्षें पुरीं झालीं आणि आपण ज्यूबिली साजरी करीत आहोंत. हा शब्द मूळचा हिब्रू आहे. लेवीय पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायांत अशी आज्ञा आहे कीं, सात वर्षांचीं सात सप्तकें मोजावीं, शिंग फुंकावें, आणि पुढील पन्नासावें वर्ष पवित्र मानून बांधलेल्यांना मोकळें करावें. योबेल म्हणजे मेंढ्याचें शिंग. जुन्या ग्रीक भाषांतरांत त्या ठिकाणीं मुक्ततेचें वर्ष एवढाच अर्थ दिलेला आहे; परंतु संत जेरोम ह्यांच्या लॅटिन बायबलांत मूळ हिब्रू शब्दच ठेवलेला दिसतो. तेव्हां आजच्या प्रसंगीं त्या महापुरुषाचें स्मरण करणें अप्रस्तुत होणार नाहीं.

माझ्या मनांत दुसरेंही एक कारण आहे. गेल्या पावसाळ्यांत एक बाई एक छापील पत्रक घेऊन माझ्याकडे आल्या. दानीएल संदेष्ट्याच्या ग्रंथांतील दिवसांचे आंकडे मांडून त्यांत जगाच्या अंताचें साल काढलेलें होतें. बाईंनीं भीत भीत विचारलें कीं, असें असेल तर मुलाची पुढील वर्षाची फी भरावी कीं नाहीं. मीं त्यांना फी भरण्यास सांगितलें. परंतु कां, हें मला त्या वेळीं नीट सांगतां आलें नाहीं, आणि तें स्मरणिकेंत लिहीन असें मीं त्यांना वचन दिलें.

जेरोम ह्यांचा जन्म इ. स. ३४७ च्या सुमारास डाल्माशिया व पॅनोनिया ह्या रोमन प्रांतांच्या सीमेवरील स्ट्रिडोन गांवीं, एका सुखवस्तु ख्रिस्ती घराण्यांत झाला. विद्येसाठीं ते रोमला गेले व डोनातुस ह्या प्रख्यात व्याकरणकाराचे शिष्य झाले. तेथेंच तरुणपणीं त्यांनीं स्नानसंस्कार घेतला. रविवारीं सोबत्यांना घेऊन भुयारांतील रक्तसाक्ष्यांच्या थडग्यांकडे ते जात, आणि इतर दिवशीं सिसेरोच्या ग्रंथांत रमत. पुढें एका तापांत त्यांना स्वप्न पडलें; त्यांत न्यायासनापुढें त्यांच्यावर असा आरोप ठेवण्यांत आला कीं, हा ख्रिस्ताचा नसून सिसेरोचा आहे. त्यांचा स्वभाव तापट होता, जीभ तिखट होती, आणि लेखणी तर त्याहून तिखट. कित्येक चरित्रकार हा दोष झांकतात. मला तो झांकावासा वाटत नाहीं. कारण ह्याच उतावळ्या माणसानें एका ठिकाणीं विलक्षण संयम पाळला, तीच हकीकत येथें सांगावयाची आहे.

सिरियांतील खाल्किसच्या अरण्यांत ते कांहीं वर्षें तपश्चर्येस राहिले. शरीर उपासानें खंगलें, तरी मन रोमच्या आठवणींत धांवत असे. त्या मनाला वेसण घालण्यासाठीं त्यांनीं ख्रिस्ती झालेल्या एका यहुदी संन्याशापाशीं हिब्रू शिकण्यास आरंभ केला. लॅटिनच्या गोडव्यास सोकावलेल्या माणसाला तीं घशांतून काढावयाचीं अक्षरें कशीं वाटलीं असतील, ह्याची कल्पना सेमिनरींत हिब्रूचे धडे गिरविलेल्या कोणासही येईल. कित्येकदां त्यांनीं तो अभ्यास सोडला व पुनः धरला. अंतियोख येथें असतां त्यांनीं लाओदिकीयाच्या अपोलिनारिस ह्या विद्वानाचीं शास्त्रावरील व्याख्यानें ऐकलीं. हें नांव वाचकांनीं लक्षांत ठेवावें. तेथेंच पौलिनुस महागुरूंनीं त्यांना याजकपदाची दीक्षा दिली.

नंतर कॉन्स्टँटिनोपल येथें, ३८० च्या सुमारास, त्यांनीं युसेबियुसच्या कालग्रंथाचें लॅटिन भाषांतर केलें. अब्राहामापासूनचीं वर्षें, राजांच्या कारकीर्दी, ग्रीकांचीं ऑलिंपियदें, हीं सर्व त्या ग्रंथांत शेजारशेजारच्या रकान्यांत मांडलेलीं आहेत. जेरोम ह्यांनीं त्यांत ३७८ पर्यंतची भर घातली. म्हणजे वर्षांचा हिशेब हें त्यांचें रोजचें काम होतें. पुढें त्यांनीं जो संयम दाखविला, तो गणित येत नव्हतें म्हणून नव्हे.

३८२ मध्यें ते रोमला परतले. परमगुरुस्वामी दमासुस ह्यांचे ते लेखनिक झाले व त्यांच्याच आज्ञेवरून शुभवर्तमानांचें लॅटिन भाषांतर शुद्ध करूं लागले. मार्सेला, पौला, पौलाची कन्या युस्टोकियम अशा थोर घराण्यांतील स्त्रिया त्यांच्यापाशीं शास्त्र शिकत. दमासुस ३८४ मध्यें निवर्तले आणि जेरोम ह्यांना शहरांत थारा उरला नाहीं. शत्रू त्यांनीं स्वतःच पुष्कळ करून ठेवले होते. ३८६ पासून ते बेथलेहेमांत स्थायिक झाले. पौलाबाईंनीं आपल्या द्रव्यानें तेथें मठ बांधले.

बेथलेहेमांत बारानिनास नांवाचा एक यहुदी गुरु त्यांना शिकविण्यास रात्रीं येई, कारण स्वजातीयांची त्याला भीति वाटे. इकडे ख्रिस्ती मंडळींतही यहुद्यांपाशीं शिकण्याबद्दल जेरोम ह्यांना नांवें ठेवणारे होतेच. तरीही सुमारें पंधरा वर्षें खपून त्यांनीं जुना करार मूळ हिब्रूवरून लॅटिनांत आणला.

त्या कामांत कालगणनेचे प्रश्न पावलोपावलीं येत. योना संदेष्ट्यानें निनवेला किती दिवसांची मुदत दिली? ग्रीक भाषांतरांत तीन दिवस आहेत, हिब्रूंत चाळीस. जेरोम ह्यांनीं ३९६ च्या सुमाराच्या आपल्या टीकेंत स्वच्छ सांगितलें कीं, हिब्रूंत तीन व चाळीस ह्या शब्दांत अक्षराचेंही साम्य नाहीं, तेव्हां ही चूक कशी झाली ह्याचें नवल वाटतें. आणि चाळीस हाच पाठ त्यांनीं घेतला. जेथें मूळ शब्द पाहून निर्णय होत असे तेथें ते कोणाची भीड धरीत नसत.

इ. स. ४०७ मध्यें त्यांनीं दानीएलाच्या ग्रंथावर टीका लिहिली व ती आपले मित्र पम्माकियुस आणि मार्सेला ह्यांना अर्पण केली. त्यांच्यासमोर प्रतिपक्षी होता तो शंभर वर्षांपूर्वीं होऊन गेलेला पोर्फिरी नामक तत्त्वज्ञ. त्यानें ख्रिस्ती धर्माविरुद्ध पंधरा पुस्तकें लिहिलीं होतीं. त्यांपैकीं बाराव्यांत त्याचें म्हणणें असें कीं, दानीएलाचा ग्रंथ बाबेलच्या बंदिवासांतला नसून अंतियोख एपिफानेस राजाच्या छळाच्या काळीं यहुदियांत लिहिलेला आहे, आणि त्यांतील भविष्य म्हणजे घडून गेलेला इतिहास आहे. पोर्फिरीचीं पुस्तकें पुढें जाळण्यांत आलीं. त्याच्या ह्या युक्तिवादाची आज जी माहिती आहे ती बहुतेक जेरोम ह्यांनीं उत्तर देतांना तो प्रामाणिकपणें नोंदवून ठेवला म्हणून.

येथें एक गोष्ट लपविणें बरें नव्हे. आज कॅथलिक शास्त्रपंडितांपैकींही बहुतेक जण दानीएलाचा ग्रंथ इ. स. पूर्वी १६५ च्या सुमारास पुरा झाला असें मानतात. म्हणजे काळाच्या बाबतींत पोर्फिरीची बाजू अधिक बळकट ठरली. संदेष्ट्याचें वचन म्हणजे गारुडी विद्या होय, अशी समजूत असणाऱ्यालाच ह्याचा धक्का बसेल. छळांत सांपडलेल्या प्रजेला प्रभूनें दिवसांची गणती दिली, ती ह्यासाठीं कीं छळाला शेवट आहे हें तिला कळावें. परमगुरुस्वामी बारावे पायस ह्यांनीं १९४३ मध्यें, ३० सप्टेंबर ह्या संत जेरोम ह्यांच्याच सणाच्या दिवशीं, शास्त्राभ्यासावर परिपत्रक काढून प्राचीन लेखकांच्या लेखनाची तऱ्हा समजून घेण्यास सांगितलें, तें ह्याच मार्गावरचें आहे.

आतां मुदतींकडे वळूं. सातव्या अध्यायांत पवित्र जनांचा छळ एक काळ, दोन काळ व अर्धा काळ चालेल असें आहे. मुळांत शब्द नुसता अनेकवचनी काळ असा दिसतो. मग दोनच कां? जेरोम ह्यांनीं दाखविलें कीं हिब्रूंत द्विवचन आहे, त्याच रीतीनें येथें दोन वर्षें समजावयाचीं. संस्कृत शिकलेल्या वाचकांस हें चटकन् कळेल. म्हणून एकूण साडेतीन वर्षें. पोर्फिरीनें तीं अंतियोखाच्या छळाला लाविलीं होतीं. जेरोम ह्यांनीं मक्काबींच्या पुस्तकावर बोट ठेवून म्हटलें कीं, मंदिर तीनच वर्षें भ्रष्ट राहिलें, साडेतीन नव्हे. तेव्हां राजा हा केवळ छाया आहे व वचनाची पूर्ति ख्रिस्तविरोधकाच्या काळीं होईल. शेवटच्या अध्यायांत १२९० दिवस व १३३५ दिवस अशा दोन मुदती आहेत. मधले ४५ दिवस कशासाठीं, हें प्रभूलाच ठाऊक, असें सांगून ते पुढें गेले.

परंतु सर्वांत अवघड जागा नवव्या अध्यायांत आहे. यिर्मयानें सांगितलेलीं सत्तर वर्षें वाचून दानीएल प्रार्थना करीत असतां गब्रिएल दूत त्याला सत्तर सप्तकें सांगतो. हिब्रू शब्दाचा अर्थ सातांचा समूह एवढाच आहे. आपण मराठींत सात दिवसांना आठवडा म्हणतों, त्यापेक्षां सप्तक हाच शब्द येथें सरस बसतो. जुने आचार्य सामान्यतः ह्यांचीं ४९० वर्षें धरीत. पण मोजावीं कोठून? कोरेश राजाच्या आज्ञेपासून, दारयावेशापासून, कीं अर्तहशश्तापासून? आणि संपवावीं कोठें? प्रभूच्या जन्मापाशीं, मरणापाशीं, कीं इ. स. ७० मध्यें यरुशलेमचा विध्वंस झाला तेथें?

युलिउस आफ्रिकानुसनें अर्तहशश्ताच्या विसाव्या वर्षापासून प्रभूच्या दुःखसहनापर्यंत मोजलें, तर ४७५ वर्षेंच भरलीं. त्यानें युक्ति काढली कीं, यहुदी चांद्रमासानें चालतात. चांद्रवर्ष सौरवर्षाहून सुमारें सवाअकरा दिवसांनीं लहान. ४७५ वर्षांत हे दिवस सांठून पंधरा चांद्रवर्षें होतात, म्हणून ४९० पुरीं. गुणाकार करून पाहिला तर उत्तर खरोखरच जुळतें. पण आमच्या खेड्यांतला जोशीही ह्यावर शंका काढील, कारण पंचांगांत अधिकमास धरतात तो हीच तूट भरण्यासाठीं, आणि यहुदीही तो धरीत. मग त्यांचीं ४७५ वर्षें म्हणजे ४७५ वर्षेंच. तेर्तुलियननें दारयावेशापासून आरंभ करून यरुशलेमच्या विध्वंसाशीं शेवट केला. हिप्पोलितुसनें शेवटचें सप्तक तोडून जगाच्या अंतापाशीं ठेवलें. त्याचे आंकडे मिळत नाहींत असें जेरोम ह्यांनीं नमूद केलें. अपोलिनारिसनें तर मागचें सर्व सोडून प्रभूच्या जन्मापासूनच ४९० वर्षें मोजलीं, म्हणजे ४९० च्या सुमारास जगाचा शेवट ठरविला. हा जेरोम ह्यांचा जुना गुरु. त्याच्याविषयीं त्यांनीं शांतपणें एवढेंच लिहिलें कीं, पुढील पिढ्यांना तीं वर्षें गेलेलीं व कांहीं न घडलेलें दिसलें, तर त्यांना दुसरा अर्थ शोधणें भाग पडेल.

अशा रीतीनें एकामागून एक मतें मांडून, शेवटीं यहुद्यांचेंही मत देऊन, जेरोम थांबले. स्वतःचें मत त्यांनीं दिलें नाहीं. ख्रिस्तसभेच्या आचार्यांचा न्याय करून एकाला दुसऱ्यावर बसविणें धोक्याचें आहे, वाचकानें स्वतः पाहावें, असा त्यांचा अभिप्राय होता. त्या काळीं हिब्रू येणारा, कालग्रंथ मुखोद्गत असणारा, आणि भांडणाला कधीं न कचरणारा असा दुसरा लॅटिन पंडित नव्हता. साल सांगण्याचा अधिकार कोणास असेल तर त्यांना होता, आणि त्यांनीं तें सांगितलें नाहीं. त्या बाईंना मला हेंच सांगावयाचें होतें.

त्यावेळीं मौन सोपें नव्हतें. दुसऱ्या अध्यायांतील मूर्तीचे लोखंडाचे व मातीचे पाय म्हणजे रोमचें राज्य, तें पूर्वीं बळकट होतें, आतां परक्या जातींच्या आधारावर उभें आहे, असें त्यांनीं ह्याच टीकेंत लिहिलें व त्याबद्दल त्यांच्यावर रोषही झाला. तीनच वर्षांनीं, ऑगस्ट ४१० मध्यें, अलारिकच्या गॉथ सैन्यानें रोम लुटलें. वृद्ध मार्सेलाबाईंना मारहाण झाली व लवकरच त्या वारल्या. पम्माकियुसही त्याच वर्षीं गेले. ही बातमी बेथलेहेमांत आली तेव्हां जेरोम यहेज्केलावर टीका लिहीत होते. त्यांची लेखणी थांबली. मागोमाग रोममधील निर्वासित दारीं येऊं लागले. कालचे धनवान आज भाकरी मागत होते. दिवसा त्यांची व्यवस्था पाहावी आणि रात्रीं दिव्याजवळ लिहावें, असें करीत त्यांनीं तो ग्रंथ पुरा केला. त्याच्या चौथ्या अध्यायांत एक दिवस म्हणजे एक वर्ष असा संकेत आहे, आणि तेथेंही ग्रीक भाषांतराचे १९० दिवस सोडून हिब्रूचे ३९० त्यांनीं धरले. जग बुडतें आहे असें ज्याला डोळ्यांनीं दिसत होतें, त्यानें त्या आंकड्यांवरून अंताचें साल काढलें नाहीं. पाठ शुद्ध केला.

४१६ मध्यें दंगेखोरांनीं बेथलेहेमचे मठ जाळले. त्यानंतर युस्टोकियमही निवर्तली. ३० सप्टेंबर ४२० रोजीं जेरोम ह्यांनीं देह ठेवला, आणि प्रभूच्या जन्मगुहेजवळ त्यांना पुरण्यांत आलें. यिर्मयाच्या टीकेचें काम अपुरेंच राहिलें. अपोलिनारिसनें ठरविलेलें ४९० सालही आलें व गेलें. तेव्हां जेरोम ह्यांना जाऊन बरोबर सत्तर वर्षें झालीं होतीं.