माथेरानच्या छोट्या गाडीचे शिल्पकार

पाटसहून रेल्वेने मुंबईला निघालं की पुणे, लोणावळा मागे पडतं, गाडी बोरघाट उतरते आणि कर्जतच्या पुढे नेरळ येतं. तिथून माथेरानचा डोंगर चढणारी छोटी गाडी सुटते. ही लाईन सरकारने टाकली असं वाटेल. पण नाही! ती उभी केली पीरभॉय बापलेकांनी.

सर आदमजी पीरभॉय मूळचे काठियावाडातल्या धोराजीचे. घरची गरिबी. मुंबईत ते कष्टाने वर आले, ब्रिटिश फौजेला तंबू पुरवून मोठे कारखानदार झाले. पैसा आला तसा दानधर्मही केला. मुंबईत चर्नी रोडला त्यांनी सॅनिटोरियम बांधलं.

त्यांचा मुलगा अब्दुल हुसेन याला माथेरानचं वेड. ठाण्याचे कलेक्टर मॅलेट 1850 साली या डोंगरावर आले आणि तिथे थंड हवेचं ठिकाण वसू लागलं. पण नेरळला रेल्वे असूनही वर जायला घोडा, डोली नाहीतर स्वतःचे पाय! अब्दुल हुसेनने 1900 च्या सुमारास रेल्वेची योजना आखली. खर्च 16 लाख रुपये, त्या काळात केवढी रक्कम! आदमजींनी ती मुलासाठी लावली.

1904 साली काम सुरू झालं. सल्लागार होते आपल्या ओळखीच्या बार्शी लाईट रेल्वेचे एव्हरार्ड कॅलथ्रॉप. डोंगर सरळ चढणं अशक्य, म्हणून सुमारे 21 किलोमीटर वळणं घेत लाईन नेली. रूळ फक्त 2 फूट रुंदीचे, चढ 20 ला 1 पर्यंत. जर्मन इंजिनांचे टोकाचे आस वळणावर रुळांप्रमाणे वळायचे, म्हणूनच ती तिथे चालली. मेकॅनिकलवाल्यांनी हे जरूर अभ्यासावं!

22 मार्च 1907 ला गाडी धावली. त्याच वर्षी आदमजी 'सर' झाले. 1913 साली ते गेले.

माथेरानमध्ये आजही पर्यटकांच्या मोटारी दस्तुरी नाक्यापुढे जात नाहीत. गावाचं पोट पर्यटकांवर. त्यामुळे 2005 च्या पुरात लाईन वाहून गेली तेव्हा गावाला मोठा फटका बसला. 2007 साली ती पुन्हा सुरू झाली. 2019 च्या पावसात पुन्हा खचली, ती पूर्ण सुरू व्हायला ऑक्टोबर 2022 उजाडला. प्रत्येक वेळी ती दुरुस्त केली गेली, कारण तिच्याशिवाय माथेरान हे माथेरान वाटत नाही.

पीरभॉय बापलेक दोघेही इंजिनिअर नव्हते. पण जाणकार माणूस निवडला, पैसा ओतला आणि काम तडीस नेलं. आपल्याकडे तर डिग्रीही असणार आहे!