सावित्रीमाईंचे उत्तरायुष्य

क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले म्हटले की 1848 सालच्या भिडेवाड्यातील तरुण शिक्षिका डोळ्यांसमोर उभ्या राहतात. अंगावर शेण-चिखल झेलत शाळेत जाणाऱ्या सावित्रीबाई आम्ही वर्गात दरवर्षी शिकवतो. साठीतल्या, विधवा सावित्रीबाई मात्र पाठ्यपुस्तकाबाहेरच राहतात. आज आम्ही त्यांचे स्मरण करीत आहोत.

एकोणिसाव्या शतकात वार्धक्याचा अर्थ स्त्री-पुरुषांसाठी एक नव्हता. वयाबरोबर पुरुषाच्या शब्दाचे वजन वाढे. स्त्रीचा मान मात्र नवऱ्याच्या आयुष्याशी बांधलेला असे. तो गेला की तिच्या वाट्याला घराचा कोपरा येई आणि मिळकतीत बहुधा पोटगीपुरताच हक्क उरे. जात, लिंग आणि वय या तिन्ही उतरंडींचा भार तिच्यावर एकदम पडे.

3 जानेवारी 1831 रोजी नायगावी जन्मलेल्या सावित्रीबाईंच्या उतारवयातही हे संकट आले. 1888 मध्ये जोतीरावांना अर्धांगवायूचा झटका आला आणि त्यांच्या शुश्रूषेचा भार सावित्रीबाईंवर पडला. मिळकत समाजकार्यात खर्ची पडली होती. मामा परमानंदांनी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे कुटुंबासाठी साहाय्य मागितले. 28 नोव्हेंबर 1890 रोजी जोतीरावांचे निधन झाले. दत्तकपुत्र यशवंताने टिटवे धरण्यास भाऊबंदांनी हरकत घेतली, तेव्हा सावित्रीबाईंनी स्वतः टिटवे हाती घेतले आणि त्या अंत्ययात्रेच्या अग्रभागी चालल्या.

ज्या समाजात विधवेचे दर्शनही अशुभ मानले जाई, त्याच समाजात 1893 मध्ये सासवड येथील सत्यशोधक परिषदेचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. 1896 च्या दुष्काळात त्या पीडितांसाठी झटल्या. 1897 मध्ये पुण्यात प्लेगची साथ आली. डॉ. यशवंतांनी शहराबाहेर ससाण्यांच्या मळ्यात दवाखाना उघडला आणि सावित्रीबाई तेथे रुग्णसेवेत उतरल्या. मुंढव्याच्या महारवाड्यातील पांडुरंग गायकवाड या आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले, असे सांगितले जाते. त्याच साथीने 10 मार्च 1897 रोजी, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी त्यांना नेले.

त्यांच्या धैर्याने त्यांचे वार्धक्य उजळले, पण व्यवस्था तशीच राहिली. एकेका स्त्रीचे धैर्य कायद्याची जागा घेऊ शकत नाही, हे जाणूनच डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदू कोड बिलात विधवेच्या व मुलीच्या वारसाहक्काचा आग्रह धरला. ते बिल रखडले आणि 1951 मध्ये त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. पुढे 1956 च्या वारसा कायद्याने विधवेला संपत्तीची पूर्ण मालकी दिली. हा कायदा बौद्धांनाही लागू आहे.

कायदा झाला, तरी घराच्या उताऱ्यावर आणि सातबाऱ्यावर आईचे नाव किती ठिकाणी आहे? मोलमजुरी करून ज्यांनी आपणांस शिकविले, त्या आईचे व आजीचे औषधपाणी आणि त्यांचा निर्णयाचा अधिकार घरात कोण पाहतो? माजी विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी जयंतीदिनी प्रतिमेस पुष्पहार अर्पण करताना आपापल्या घरात याचा शोध घ्यावा, एवढीच आमची विनंती.