सिल्व्हियाबाईंचा वर्ग

इंग्रजीशी माझी लहानपणापासून दोस्ती अशी नाहीच. ‘ए फॉर ॲपल’ घोकले तेव्हा सफरचंद फक्त चित्रात पाहिलेले! म्हणूनच असेल, ग्रंथालयात ‘टीचर’ हे पुस्तक हाती आले आणि त्याच्या लेखिका सिल्व्हिया ॲश्टन-वॉर्नर मला एकदम आपल्या वाटल्या.

बाईंचा जन्म १९०८ सालचा, न्यूझीलंडमधल्या स्ट्रॅटफर्डचा. वडील संधिवाताने जखडलेले. आईच्या शिक्षकी पगारावर घर चाले. बाईंना व्हायचे होते कलावंत. व्हावे लागले शिक्षिका. पती कीथ हेंडरसन यांच्यासह त्यांनी खेड्यापाड्यांतील माओरी शाळांत वर्षानुवर्षे शिकवले.

वर्गात माओरी मुले आणि हाती इंग्रजी वाचनपुस्तक. त्यातली नीटनेटकी गोरी मुले, त्यांचे खेळ, त्यांचे घर, यातले काही या पोरांच्या ओळखीचे नव्हते. साधे ‘कम’, ‘लुक’ महिनोन्महिने डोक्यात शिरेना. बाईंनी पुस्तक बाजूला ठेवले आणि एकेकाला जवळ घेऊन विचारू लागल्या, तुला कोणता शब्द हवा? कुणी भूत मागे, कुणी आई, कुणी मुका. तो शब्द जाड कार्डावर ठळक लिहून त्याच्या हाती द्यायचा. त्याने अक्षरांवरून बोट फिरवायचे. दुसऱ्या दिवशी सगळी कार्डे जमिनीवर ओतायची आणि ज्याने त्याने आपापली हुडकायची. ओळखता आले नाही ते कार्ड बाद! म्हणजे चूक शब्दाची, पोराची नव्हे. महिनोन्महिने अडलेले पोर भुताचा शब्द काही मिनिटांत वाची. पुढे मुलांनी लिहिलेल्या वाक्यांचीच वाचनपुस्तके झाली.

वरिष्ठांनी आपली कदर केली नाही, हे दुःख बाईंनी जन्मभर उगाळले. अभ्यासकांना ते सारे पटत नाही. मलाही त्यात थोडी अतिशयोक्ती वाटते. १९५८ साली ‘स्पिन्स्टर’ कादंबरीने त्यांचे नाव जगभर झाले, १९६३ साली ‘टीचर’ आले. पतिनिधनानंतर त्या अमेरिकेत ॲस्पेनला शिकवायला गेल्या. तिथल्या सुखवस्तू मुलांकडून मात्र तसे जिवंत शब्द सहजी निघेनात, हे त्यांनी प्रांजळपणे लिहिले आहे. १९८४ साली गिझबर्न येथे त्यांचे निधन झाले.

दिवाळीत मी दुसरीतल्या भाच्याला तोच प्रश्न विचारला. त्याने साप मागितला. पावसाळ्यात त्यांच्या गोठ्यात निघाला होता. ‘स्नेक’ त्याला दुसऱ्या दिवशीही वाचता आले. पुस्तकातले ‘अम्ब्रेला’ अजून अडतेच आहे.