महदाइसा : ईश्वरकृपेवर विसंबलेले एक जीवन

परब्रह्म परमेश्वर सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींच्या भक्तपरिवारात आचार्य श्रीनागदेवांच्या खालोखाल ज्यांचे नाव आपल्या मुखी येते, त्या महदाइसा होत. साहित्याचे अभ्यासक त्यांना महदंबा या नावाने ओळखतात आणि मराठीची आद्य कवयित्री म्हणून त्यांचा गौरव करतात. तो यथार्थच आहे. परंतु साधकाने धवळ्यांपाशी थांबून चालणार नाही. धवळे हा महदाइसांच्या आयुष्यातील एक प्रसंग आहे. त्यांचे आयुष्य त्याहून पुष्कळ मोठे, आणि बहुतांशी स्वयंपाक, झाडलोट, भिक्षा, प्रश्न व स्मरण यांतच गेलेले आहे.

त्यांच्या चरित्राकडे आज पुन्हा वळण्याचे एक कारण सांगतो. वासनिक मंडळी दर्शनास येतात तेव्हा एक प्रश्न वारंवार कानी पडतो. पाऊस पाठ फिरवतो, हातातोंडाशी आलेले पीक जाते, घरातील कर्ता माणूस अकाली जातो. आणि मग श्रद्धावंतही विचारतो की, नामस्मरणात खंड नाही, तरी देवाने आपल्याकडे पाठ का केली? या प्रश्नाला कोरड्या निरूपणाने उत्तर दिले तर ते कानावरून जाते. महदाइसांनी हा प्रश्न सोसला होता, म्हणून त्यांच्या चरित्रातून दिलेले उत्तर पोहोचते असा माझा अनुभव आहे.

आपल्या शास्त्राचा सिद्धांत साधकांना ठाऊकच आहे. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ भिन्न. देवता फळ देते ते कर्माच्या मोजमापाने, आणि ते फळ सरणारे असते. परमेश्वराचे देणे तसे नव्हे. जीवाचा उद्धार करावा हे त्याला जणू व्यसनच आहे. आणि व्यसनाला सवड-नासवड ठाऊक नसते. आता खरी अडचण येथे आहे, की आपण परमेश्वराची उपासना करतो, परंतु अपेक्षा मात्र देवतेकडून करावी तशी करतो. इतके स्मरण केले, त्याचे इतके फळ पदरी पडावे, असा व्यवहार मनात चालू असतो. फळ दिसले नाही की कृपा आटली असे वाटू लागते. महदाइसांच्या मनातील हा व्यवहार कसा मोडत गेला, ते पाहण्यासारखे आहे.

महदाइसा नागदेवाचार्यांच्या चुलत भगिनी. बालपणीच त्यांना वैधव्य आले. यादवकाळातील ब्राह्मण घरात बालविधवेच्या वाट्याला काय येत असे ते विस्ताराने सांगण्याचे प्रयोजन नाही. संसार नाही, संतती नाही, आणि जगाच्या दृष्टीने पुढे काही उरलेलेही नाही. अशा अवस्थेत मन एकतर कडवट होते किंवा शोध घेऊ लागते. महदाइसांचे मन शोधाकडे वळले. प्रथम त्या रामदेव दादोसांच्या अनुयायी होत्या, आणि त्याच संबंधातून त्यांना सर्वज्ञांचे दर्शन घडले. स्वामींनी स्त्री म्हणून त्यांना धर्माच्या उंबरठ्याबाहेर ठेवले नाही. जे ज्ञान पुरुषाला, तेच स्त्रीला. जे ब्राह्मणाला, तेच शूद्राला. आणि तेही आपल्या नित्याच्या मराठीत. ज्या जीवाला जगाने अपशकुनी ठरविले होते, त्याला परमेश्वराने आपल्याजवळ बसवून घेतले. महदाइसांच्या विश्वासाचा पाया येथे आहे. त्यांनी काही देऊन ही कृपा मिळविली नव्हती. देण्याजोगे त्यांच्यापाशी काही नव्हतेच.

विश्वास म्हणजे प्रश्न न विचारणे, असा एक गैरसमज भाविकांत आढळतो. महदाइसा तर प्रश्नांची खाणच होत्या. लीळाचरित्र वाचताना ठिकठिकाणी महदाइसांनी पुसले आणि मग गोसावींनी निरूपिले, असा क्रम दिसतो. कधी प्रश्न थोर असे, कधी अगदी साधा, कुणाला बालिश वाटावा असा. सर्वज्ञांनी त्यांना त्यासाठी दूर केले नाही. आज आपण जी वचने पाठ करतो, त्यांतील कितीतरी या माउलीच्या जिज्ञासेमुळे प्रकट झाली. आईच्या प्रेमाविषयी निःशंक असलेले मूल आईला दिवसभर प्रश्न विचारते. ज्याला प्रेमाची शाश्वती नाही, ते मूल गप्प राहते. महदाइसांचे बोलकेपण हे त्यांच्या विश्वासाचेच लक्षण मानावे, असे मला वाटते.

पुढे तो प्रसंग आला. शके ११९६, म्हणजे इ. स. १२७४ मध्ये, सर्वज्ञांनी उत्तरापंथे गमन केले. भक्तजनांवर आकाश कोसळले. नागदेवाचार्यांची अवस्था तर अशी झाली की, देहाचे भान उरले नाही. अन्नपाण्याची शुद्ध नाही, विरहाने शरीर झिजत चाललेले. त्या वेळी त्यांना सावरण्याचे, देह टिकवून धरण्याचे काम महदाइसांनी केले, असे आपली परंपरा सांगते. साधकांनी येथे क्षणभर थांबावे. महदाइसांचे दुःख काही कमी नव्हते. बालपणी पती गेला, तेव्हा काय गेले हे कळण्याचे वय नव्हते; आता जे सन्निधान गेले, त्याची किंमत त्यांना पुरती कळत होती. तरीही त्या हाताशी असलेल्या कामाला लागल्या. एका खचलेल्या भावाला दोन घोट पाजणे, त्याच्यापाशी बसणे, ही त्या दिवसांतील त्यांची उपासना होती. त्या काळात महदाइसांच्या मनात शंका आली नसेल असे मी म्हणणार नाही. शंका आली तरी हात थांबले नाहीत, एवढे मात्र दिसते.

आणि स्वामींनी जाण्यापूर्वी एक सोय करून ठेवलेलीच होती. आपल्या मागे श्रीगोविंदप्रभूंच्या सन्निधानी राहावे, अशी त्यांची आज्ञा होती. सन्निधान काढून घेताना दुसऱ्या सन्निधानाची वाट त्यांनीच दाखविली. आपल्याला दुःखाच्या वेळी फक्त मिटलेले दार दिसते. उघडे ठेवलेले दार कित्येकदा पुढे बरेच चालून गेल्यावर लक्षात येते. महदाइसा, भटोबास आणि इतर भक्तजन रिद्धपुरास आले.

परंतु रिद्धपुरची कृपा स्वामींच्या कृपेसारखी दिसत नव्हती. सर्वज्ञ बोलत, समजावीत, दृष्टांत देत. श्रीप्रभू निरूपण करीत नसत. त्यांची चर्या वेड्याची, बालकाची. मन मानेल त्या घरात शिरावे, हाताला लागेल ते खावे, क्षणात हसावे, क्षणात रागवावे. महार-मांगांच्या वाड्यात जावे आणि तसेच ब्राह्मणांच्या घरी यावे. विटाळाचा विचार करणाऱ्यांनी काय तो करीत बसावे. गावातील शहाण्यांना ते वेडे वाटत, आणि तरीही गाव त्यांना माय आणि बाप मानीत असे. ज्या भक्तांनी सर्वज्ञांचे मधुर निरूपण ऐकले होते, त्यांना येथे तिखट शब्द ऐकावे लागत आणि कधी मारही खावा लागे.

धिरड्यांची लीळा सर्वांना परिचित आहे. श्रीप्रभूंनी महदाइसांकडे धिरडी मागितली. महदाइसांनी मोठ्या आवडीने ती केली आणि पुढे ठेवली. श्रीप्रभूंनी पाहिले आणि ही धिरडीच नव्हेत म्हणून नाकारली. महदाइसांनी पुन्हा केली. पुन्हा नापसंती. या लीळेचा गूढार्थ काढण्याचे प्रयत्न झाले आहेत. ते विद्वानांनी करावेत. मला त्यात चुलीपाशी बसलेली, कपाळावरचा घाम पदराने पुसणारी, पुन्हा पीठ कालवणारी एक वृद्ध होत चाललेली बाई दिसते. आपली सेवा नाकारली गेली म्हणून ती उठून गेली नाही. कृपा नाकारली गेली असे तिने मानले नाही. देव मागतो आहे, आपल्यापाशी मागतो आहे, हेच तिला पुरेसे होते. आपण नैवेद्य दाखवितो आणि मनासारखे झाले नाही की दुसऱ्या दाराकडे पाहू लागतो. त्याच्याशी हे ताडून पाहावे.

याच रिद्धपुरी, श्रीप्रभूंना विवाहाची इच्छा झाली त्या विनोदी लीळेच्या वेळी, महदाइसांच्या मुखातून धवळे प्रकटले. लग्नघरी बायकांनी म्हणावयाची ती गाणी. विषय श्रीकृष्ण-रुक्मिणीच्या विवाहाचा. जिला मंगलकार्यात पुढे येण्याचा अधिकार समाजाने बालपणीच नाकारला होता, तिने परमेश्वराच्या लग्नाची गाणी म्हटली आणि परमेश्वराने ती समोर बसून ऐकली. मराठी काव्याच्या इतिहासात या धवळ्यांचे स्थान पहिल्या रांगेत आहे, आणि त्याच रिद्धपुरी अलीकडे मराठी भाषा विद्यापीठही उभे राहिले आहे. ते सर्व अभिमानाचे खरे. परंतु त्या दिवशी त्या माउलीला काय लाभले, त्याचे मोल कोणत्या विद्यापीठाने करावे?

सुमारे बारा वर्षे ही सेवा घडली. मग श्रीगोविंदप्रभूंचेही सन्निधान गेले. दुसऱ्यांदा तेच दुःख, आणि या वेळी पुढे जाण्यासाठी तिसरे सन्निधान दाखविलेले नव्हते. आपण सर्व ज्या असन्निधानाच्या काळात जगतो आहोत, तो महदाइसांनी येथून जगला. म्हणून त्यांच्या आयुष्याचा हा शेवटचा भाग आपल्याला सर्वांत जवळचा आहे, जरी त्याविषयी लिहिले सर्वांत कमी जाते. लीळा संपल्या की चरित्र संपले असे आपण समजतो. वास्तविक कसोटी तेथून पुढे असते.

या काळात महदाइसांपाशी काय होते? आचार्यांची आज्ञा होती, भिक्षेची झोळी होती आणि स्मरण होते. भिक्षेचा विधी बारकाईने पाहिला तर तो विश्वासाचाच रोजचा अभ्यास आहे. उद्याचे आज साठवायचे नाही. घर निवडायचे नाही. पडेल ते, आंबट-शिळे एकत्र झालेले, देवाचे म्हणून घ्यायचे. रोज सकाळी हात रिकामे आणि रोज माध्यान्ही तोंडात घास. ज्याने तीस-चाळीस वर्षे हे केले आहे, त्याला परमेश्वर पोशिंदा आहे हे प्रमाण देऊन सिद्ध करून दाखवावे लागत नाही. वासनिकांना हा विधी नाही. परंतु पेरणी करून आभाळाकडे पाहणारा शेतकरी याहून फारसा वेगळा नसतो. पीक येईलच असा शब्द शास्त्राने कोठे दिलेला नाही. पीक गेले त्या संध्याकाळीही जीवोद्धरणाचे व्यसन सुटलेले नाही, एवढाच शब्द आहे.

स्मरणाच्या बाबतीत तर महदाइसा सर्वांचा आधार झाल्या. म्हाइंभट लीळा जमवू लागले तेव्हा ज्यांनी ज्यांनी सन्निधान अनुभविले होते त्यांना गाठून, विचारून, ताडून त्यांनी त्या लिहिल्या. महदाइसांजवळ तो ठेवा विपुल होता. अमुक ठिकाणी गोसावी कसे बसले, कुणी काय वाढले, काय हसणे झाले, असे बारीकसारीक तपशील लीळाचरित्रात जे भरून राहिले आहेत, ते अशा सेवा करणाऱ्यांच्या डोळ्यांनी टिपलेले आहेत. मोठे चमत्कार कुणीही लक्षात ठेवतो. रोजच्या जेवणातली, चालण्यातली, बोलण्यातली कृपा तोच लक्षात ठेवतो, ज्याने ती त्या वेळी कृपा म्हणून ओळखली होती.

वृद्धपणीही त्यांचे पुसणे सुटले नाही. भटोबासांच्या पाठीशी त्या वडील बहिणीसारख्या राहिल्या. आचार्य म्हणून त्यांचा मान राखला आणि प्रसंगी त्यांना आठवणही करून दिली. त्या गेल्या तेव्हा भटोबास फार दुःखी झाले. ही म्हातारी धर्माची राखण करीत होती आणि देवाच्या आठवणी काढून बोलावे असे एक माणूस गेले, अशी त्यांची भावना झाल्याचे स्मृतिस्थळावरून कळते.