वितळून वाचवणारी तार

जेम्स प्रेस्कॉट ज्यूल यांचा जन्म 24 डिसेंबर 1818 रोजी इंग्लंडमधील सॅल्फर्ड येथे झाला. घरचा धंदा बीअर बनवण्याचा. मणक्याच्या दुखण्यामुळे लहानपणी प्रकृती तोळामासा, म्हणून शिक्षण घरीच झाले. पुढे अणुसिद्धांत मांडणारे जॉन डाल्टन शिकवायला लाभले. पण डाल्टन यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि शिकवणी थांबली. विद्यापीठाची पदवी ज्यूल यांनी कधी घेतली नाही.

कारखान्यातले वाफेचे इंजिन काढून विजेची मोटार बसवावी का, हा त्यांचा पहिला प्रश्न. बॅटरीतले जस्त कोळशापेक्षा महाग पडते, असे हिशेबात दिसले. बेत बारगळला, पण मोजण्याचा नाद लागला. तारेची गुंडाळी पाण्यात बुडवायची, तिच्यातून वीज सोडायची आणि पाणी किती तापले ते तापमापकावर पाहायचे. 1840 मध्ये त्यांना नियम सापडला : विद्युतधारा दुप्पट झाली की उष्णता चौपट होते, तिप्पट झाली की नऊपट. रॉयल सोसायटीने या निबंधाचा केवळ सारांश छापला. त्याच संस्थेने 1850 मध्ये त्यांना सदस्य करून घेतले आणि 1870 मध्ये कोप्ले पदक दिले. 11 ऑक्टोबर 1889 रोजी ज्यूल यांचे निधन झाले. ऊर्जेच्या एककाला आज त्यांचेच नाव आहे.

घरातला फ्यूज याच नियमावर चालतो. धारा वाढली की सर्वांत आधी फ्यूजची तार तापून वितळते आणि वीजप्रवाह तुटतो. कथील 232 अंश सेल्सिअसला वितळते, शिसे 327 अंशांना. योग्य प्रमाणात मिसळल्यास दोन्ही सुमारे 183 अंशांनाच वितळतात. म्हणून या मिश्रधातूची तार फ्यूजसाठी वापरली गेली. किटकॅटमध्ये कथिलाचा मुलामा दिलेली तांब्याची तारही असते. तांबे वितळायला 1085 अंश लागतात, म्हणून ती तार बारीक ठेवतात. मोठ्या बंद फ्यूजमध्ये चांदीची पट्टी आणि ठिणगी विझवायला वाळू असते.

नंदुरबार जिल्ह्यातल्या शहादा-तळोद्याच्या शिवारात असो की शहरातल्या घरात, फ्यूज सारखा उडू लागला की हाताशी असलेली जाड तार गुंडाळण्याचा मोह होतो. मग जास्त धारा वाहिली तरी ती जाड तार वितळत नाही. भिंतीतल्या वायरी तापतात, त्यांचे आवरण पेटते. भाजण्याइतकाच त्या वेळी निघणारा विषारी धूरही जीवघेणा ठरतो. वारंवार उडणारा फ्यूज म्हणजे अंगातला ताप. तो दाबून रोग बरा होत नाही. दोष मोटारीत आहे, वायरिंगमध्ये आहे की भार जास्त झाला आहे, ते शोधावे लागते.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. फ्यूज वायरिंगला वाचवतो, शॉक लागलेल्या माणसाला नाही. पाच अँपिअरचा फ्यूज उडण्याच्या कितीतरी आधी, अँपिअरच्या अगदी छोट्या अंशानेही हृदयाची लय बिघडू शकते. त्यासाठी तीस मिलिअँपिअरला प्रवाह तोडणारा आरसीसीबी आणि नीट केलेले अर्थिंग हवे. फ्यूजची तार बदलताना मेन स्विच बंद करावा, हात कोरडे असावेत आणि तार ठरलेल्या अँपिअरचीच घालावी. डीपीचा फ्यूज मात्र लाइनमननेच बदलायचा.