विश्लेषण : नोकरकपात टाळण्यासाठी सगळ्यांचाच पगार कमी! बिल ह्यूलेट यांचा १९७० मधला तोडगा काय होता?

कोण होते ह्यूलेट?
जन्म २० मे १९१३, मिशिगन. १२ वर्षांचे असताना वडील गेले. स्टॅनफर्डमध्ये शिकलेल्या या इंजिनीअरने १९३९ मध्ये मित्र डेव्हिड पॅकार्ड यांच्यासोबत पालो आल्टोतल्या गॅरेजमध्ये ५३८ डॉलर भांडवलावर ह्यूलेट-पॅकार्ड म्हणजेच एचपी सुरू केली.

१९७० मध्ये काय घडलं?
अमेरिकेत मंदी होती. एचपीकडे येणाऱ्या ऑर्डर उत्पादन क्षमतेपेक्षा सुमारे १० टक्के कमी होत्या. तेवढी माणसं कमी करणं हा सरळ मार्ग होता. पॅकार्ड तेव्हा अमेरिकेचे संरक्षण उपमंत्री होते. कंपनी ह्यूलेट सांभाळत होते. एचपीने दर दोन आठवड्यांतून एक शुक्रवार बिनपगारी सुट्टी दिली. काम १० टक्के कमी, पगारही १० टक्के कमी. कारखान्यातल्या कामगारांपासून बड्या अधिकाऱ्यांपर्यंत जवळपास सगळ्यांना हा नियम लागू होता. सहा महिन्यांनी ऑर्डर वाढल्या आणि पूर्ण पगार सुरू झाला.

हे का जमलं?
कपात साहेबांनाही होती, पगारासोबत कामही कमी झालं आणि मोबदल्यात नोकरी टिकली.

पुढे काय झालं?
१२ जानेवारी २००१ रोजी ह्यूलेट यांचं निधन झालं. त्याच वर्षी कंपनीच्या आवाहनावरून एचपीच्या हजारो कर्मचाऱ्यांनी स्वेच्छेने पगार किंवा रजेवर पाणी सोडलं. तरीही जुलैमध्ये कंपनीने ६ हजार जणांच्या कपातीची घोषणा केली. त्यामुळे पगारकपातीला होकार देण्याआधी एक प्रश्न विचारायलाच हवा : बदल्यात नोकरी टिकणार का?